ओदेलूची खिडकी

नल्लगुट्टाच्या खाण बचाव केंद्रात आपल्याइतका जाणता माणूस दुसरा नाही, असं गट्टू ओदेलूचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. हे मत तो मनात ठेवत नसे. न्हाव्याच्या खुर्चीत, ताडीच्या झाडाखाली, लग्नाच्या पंगतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं तो सांगे, "साहेब येतात आणि बदलून जातात. श्वासयंत्र कळतं ते मला."

तसं त्यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षं तो यंत्रांच्या खोलीत होता. कोळशाच्या खाणीत आग लागली, विषारी वायू भरला, की बचाव पथक पाठीवर यंत्र बांधून आत शिरतं. या यंत्रात बाहेरची हवा येतच नाही. माणूस जो श्वास सोडतो, तोच नळीतून पाठीवरच्या डब्यात जातो. डब्यातला दाणेदार चुना त्यातला कर्बवायू खाऊन टाकतो, बाटलीतून थोडा ऑक्सिजन मिसळतो, आणि तोच श्वास फिरून पुन्हा तोंडात. पण चुन्यालाही पोट असतं. ते भरलं की तो खायचा थांबतो. मग माणूस स्वतःचाच उष्टा श्वास पुन्हापुन्हा घेत राहतो, डोकं ठणकू लागतं, दम लागतो, बुद्धी चालेनाशी होते. पुढं काय होतं ते सांगायला बरेचदा तो शिल्लक राहत नाही.

म्हणून केंद्रात नियम होता. यंत्र दहा मिनिटं वापरलं तरी डबा रिकामा करायचा, ताजा चुना भरायचा, वजन करायचं आणि वहीत डब्याचा नंबर, तारीख, किती वेळ वापरला ते लिहून खाली सही करायची. ओदेलूनं बावीस वर्षं हे बिनबोभाट केलं. चुन्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा स्वतःचा एक जादा नियम होता. पण वहीचा त्याला मनापासून कंटाळा होता. ज्या माणसाला यंत्र कळतं त्यानं कारकुनासारखे आकडे मांडत बसावं, हे त्याच्या जिवाला लागे.

त्या वर्षी बतुकम्माचा फुलांचा सण झाला आणि केंद्रात नव्या प्रकारच्या चुन्याचे ड्रम आले. हा चुना ताजा असताना पांढरा असे आणि पोट भरलं की वांग्याच्या फुलासारखा जांभळा होई. ओदेलूनं मूठभर दाणे बशीत घेतले, रबरी नळीनं त्यावर अर्धा तास श्वास फुंकला आणि रंग बदलताना पाहून त्याचे डोळे पाणावले. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती गोष्ट ड्रममधून चालत आली होती. आता रंग बघायचा आणि डबा बदलायचा. वही कशाला?

अडचण एकच होती. डबा लोखंडी, आतलं काही दिसत नाही. ओदेलूनं सरावाच्या सहा यंत्रांचे डबे काढले, प्रत्येकाला वीतभर लांब फट पाडली, जुन्या हेल्मेटांच्या पारदर्शक काचा कापून तिथं बसवल्या आणि कडेनं रबर लावून त्या घट्ट केल्या. काम खरोखर सुरेख झालं. केंद्राचे अधीक्षक नरसिंगराव यांनी डबे पाण्यात बुडवून पाहिले. एक बुडबुडा आला नाही. ते म्हणाले, सरावापुरतं चालेल, वही मात्र चालू ठेव. यातलं पहिलं अर्धं वाक्य ओदेलूला ऐकू आलं.

त्याला टोकणारा एकच माणूस होता, पथकाचा कप्तान सम्मय्या. सम्मय्या ओदेलूच्या थोरल्या बहिणीचा, राजव्वाचा नवरा. म्हणजे ओदेलूचा बावा. आडव्या बांध्याचा, शांत, पन्नाशीला टेकलेला. त्यानं यंत्र पाठीवर चढवलं, मान उजवीकडं वळवून पाहिली, डावीकडं वळवून पाहिली.

"खिडकी माझ्या पाठीवर आहे," तो म्हणाला. "मी बघू कशी?"

"तुम्ही कशाला बघता, बावा? तुमच्या मागचा बघेल."

"आणि सगळ्यात मागं जो असेल त्याची?"

ओदेलूनं जरा विचार केला. "त्यानं अधूनमधून उलटं चालायचं," तो म्हणाला.

सम्मय्यानं यंत्र उतरवलं आणि मेव्हण्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो अशा चेहऱ्यानं तो चहा प्यायला गेला.

सुरक्षा पंधरवड्याचा कार्यक्रम शुक्रवारी होता. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब येणार होते. धुराच्या गॅलरीत, म्हणजे सरावासाठी बांधलेल्या खोट्या बोगद्यात, पथक शिरणार, आत सापडलेल्या माणसाला, म्हणजे भुसा भरलेल्या पुतळ्याला, स्ट्रेचरवर घालून बाहेर आणणार, आणि बाहेर मांडवात ओदेलू माइकवरून आपल्या खिडकीची माहिती देणार. ओदेलूच्या बायकोनं नळावर ही बातमी इतक्या वेळा सांगितली की बायका तिला बघून घागरी अर्ध्या भरूनच निघू लागल्या.

मंगळवारी रंगीत तालीम झाली. सकाळी दोन तास पथक गॅलरीत होतं. बाहेर आल्यावर ओदेलूनं खिडक्यांतून पाहिलं, खालचा अर्धा चुना अजून पांढरा होता. दुपारी पुन्हा दोन तास त्याच डब्यांवर. संध्याकाळपर्यंत सहाही खिडक्या वरपासून खालपर्यंत जांभळ्या झाल्या. जसं म्हटलं तसंच झालं. ओदेलू आनंदानं डबे रिकामे करायला बसणार, एवढ्यात सासुरवाडीहून निरोप आला. सासऱ्याची म्हैस विहिरीत पडली होती आणि सगळा गाव म्हणत होता की बचाव केंद्रातल्या जावयाला बोलवा.

असं बोलावणं आल्यावर कुठला माणूस थांबेल? दोर, कप्पी, हुक घेऊन ओदेलू निघाला. जाता जाता त्यानं यंत्रांच्या खोलीतल्या पोशमला सांगितलं, "सगळं भरून ठेव रे." पोशम मान हलवून हो म्हणाला. पोशम हा दिवसाला वीस-पंचवीस शब्दांवर भागवणारा माणूस. त्याचं काम ऑक्सिजनच्या बाटल्या भरण्याचं, आणि पथकात तो सगळ्यात मागं चाले.

म्हैस काढायला ओदेलूचे दोन दिवस गेले. पहिला दिवस दोर कुठं बांधावा यावर गावाशी वाद घालण्यात. दुसऱ्या दिवशी म्हैस कंटाळली आणि विहिरीच्या पायऱ्या चढून आपणहून वर आली. ओदेलूनं ती आपल्या हाकेला आली असं सांगितलं आणि गुरुवारी संध्याकाळी सत्काराचा टॉवेल खांद्यावर टाकून तो परतला.

शुक्रवारी सकाळी खोलीत पाऊल टाकताच त्यानं आधी डब्यांकडं पाहिलं. सहा खिडक्या, सहाही पांढऱ्याशुभ्र. धुतलेल्या धोतरासारख्या.

"भरलं?" त्यानं पोशमला विचारलं.

"भरलं."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

पोशमनं बाटल्या भरल्या होत्या. चुन्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती, ती ओदेलूनंच ठेवली नव्हती. वही उघडून पाहिली असती तर मंगळवारच्या पानावर काहीच नाही हे दिसलं असतं. पण वही कपाटावर होती आणि तिच्यावर नव्या काचांची कात्रणं पडली होती.

दहा वाजता पथक गॅलरीत शिरलं. ओल्या पेंढ्याचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आत इतका दाट होता की लोखंडी दार मिटेपर्यंतच तो मांडवाच्या पहिल्या रांगेला भेटून गेला. पहिल्या रांगेत मधोमध मोठे साहेब, त्यांच्या शेजारी नरसिंगराव, आणि बायकांच्या बाजूला नवी साडी नेसून राजव्वा. नवरा कप्तान आणि भाऊ माइकवर. तिनं त्या दिवशी मान एकदाही खाली घातली नाही.

ओदेलू छान बोलला. श्वास कसा फिरतो, चुना कसा खातो, त्याचं आयुष्य किती, ते संपलेलं कळणं किती महत्त्वाचं. पूर्वी आकडेमोड करावी लागे, चूक होण्याचा धोका असे. आता डोळ्यांना दिसतं. मोठे साहेब मान डोलवत होते.

पंधरा मिनिटं झाली असतील. गॅलरीच्या भिंतीला जागोजागी जाड काचा बसवलेल्या होत्या, त्यातून आतली धूसर माणसं दिसत. पथक वळणापाशी आलं होतं. त्यांची चाल मंद झाली होती. एक जण भिंतीला टेकला. ओदेलू माइकवर म्हणाला, बघा, उष्णतेत शक्ती कशी राखून वापरतात. दुसरा गुडघ्यांवर बसला. ओदेलू म्हणाला, छत खाली आलं की असं रांगावं लागतं. मग आतून भोंगा वाजला. दोन छोटे भोंगे म्हणजे पुढं निघालो, एक लांब म्हणजे अडचण आहे. हा लांब होता. मधेच फाटलेला, थकलेल्या रेड्यासारखा, पण लांब. ओदेलूच्या मनात आलं, बावाला भोंगासुद्धा नीट वाजवता येत नाही आणि मला खिडकीबद्दल विचारतात. तो म्हणाला, पथक पुढं निघालं आहे.

आणि त्याच वेळी सगळ्यात मागचा पोशम काचेला पाठ टेकून हळूहळू खाली बसला. त्याच्या पाठीवरची खिडकी ओदेलूच्या डोळ्यांसमोर सरकत खाली आली. ती जांभळी होती. थोडीथोडकी नव्हे, वरपासून खालपर्यंत.

पंधरा मिनिटांत चार तासांचा चुना संपू शकत नाही, हे या मांडवात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे हा चुना मंगळवारचा होता. कसा, ते कळत नव्हतं, पण होता. सहाही मंगळवारचे.

इथं खरं म्हणजे त्यानं माइक टाकून धावायला हवं होतं. तो धावला नाही. तो बोलत राहिला. उन्हाचा रंग काचेवर पडला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मोठे साहेब समोर बसले होते. अक्का हसत होती. आत्ता ओरडलो तर बावीस वर्षांचं काय? त्याचं तोंड आपोआप चाललं होतं, चुन्याच्या दाण्यांचा आकार किती असावा यावर, आणि डोळे पोशमच्या पाठीवर होते. अशी दोन मिनिटं गेली. मग पोशमची मान एका बाजूला कलली.

ओदेलू पळाला. माइक हातातच होता आणि त्याची वायर टेबलाच्या पायात अडकली होती, त्यामुळं टेबल, त्यावरचा स्पीकर, मोठ्या साहेबांसाठी ठेवलेला शहाळ्यांचा ट्रे, सगळं त्याच्या मागोमाग निघालं. त्यानं गॅलरीचं लोखंडी दार उघडलं. कोंडलेला धूर एकदम मांडवात घुसला. लोक खोकत उठले. ओदेलू तोंडाला सत्काराचाच टॉवेल लावून तसाच आत शिरला आणि हाताला लागेल त्याच्या तोंडातली नळी उपटत सुटला. तो ओल्या पेंढ्याचा धूर फार तर डोळे जाळणारा, जीव घेणारा नव्हे. खरं तर त्यांनी स्वतःच नळ्या काढून टाकल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण गॅलरीत नळी काढणं म्हणजे पथकातून नाव कटणं, हेच त्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत ओदेलूही होता.

त्यानं पोशमला काखेत धरून ओढत आणलं. आणखी दोघं भिंत चाचपत आले. दोघं रांगत. सम्मय्या सगळ्यात शेवटी आला, पुतळ्याचा एक हात घट्ट धरून, त्याला "घाबरू नकोस, पोहोचलो" असं समजावत. गवतावर सहा माणसं आडवी झाली. त्यांच्या छात्या लोहाराच्या भात्यासारख्या चालल्या होत्या. शेजारी भुशाचा पुतळा. सगळ्यांत तरतरीत तोच दिसत होता. केंद्राच्या डॉक्टरनं एकेकाची नाडी पाहिली, डोळे पाहिले. पोशमनं डोळे उघडले आणि म्हणाला, "डोकं." त्याचा दिवसाचा बराचसा कोटा त्यात संपला. दहा मिनिटांत सगळ्यांची धाप कमी झाली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे, जिवाला धोका नाही.

आणि मांडवातून टाळ्या सुरू झाल्या.

आधी ओदेलूला कळेना. मग दिसलं, मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. डोळे पुसत ते म्हणाले की त्यांनी अनेक केंद्रांतली प्रात्यक्षिकं पाहिली, पण इतका खरा अभिनय कुठं पाहिला नाही. निवेदकानं शेवटी स्वतः धुरात उडी घेतली तेव्हा तर अंगावर काटा आला. या बचाव केंद्राला आणि ओदेलूला विशेष बक्षीस जाहीर करतो. कुणीतरी शाल आणली. ती ओदेलूच्या खांद्यांवर पडली. काळ्या तोंडानं, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात वायर तुटलेला माइक, असा तो उभा होता, आणि गवतावरून सम्मय्या लाल डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होता. त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

शाल लोकरीची होती. ओदेलूला वाटलं, आपण जिवंत भाजले जातोय. त्यानं ती काढली, घडी घातली आणि मोठ्या साहेबांच्या हातात परत ठेवली. अभिनय नव्हता, तो म्हणाला. वापरलेला चुना होता. चूक माझी.

मांडवात पडलेलं एक शहाळं गडगडत कुठं गेलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

नरसिंगराव ओरडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सहाही डबे टेबलावर मांडायला लावले आणि एकच प्रश्न विचारला. "मंगळवारी हे किती तास वापरले? वही दाखव."

ओदेलूनं कपाटावरची वही आणून मंगळवारचं कोरं पान उघडलं. ज्याला यंत्र कळत होतं त्याच्यापाशी दाखवायला एक आकडा नव्हता.

मग नरसिंगरावांनी त्याला ड्रमपाशी नेलं. ड्रमवर चिकटवलेल्या कागदावर सगळ्यात खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: वापरलेला चुना काही काळ पडून राहिला तर त्याचा रंग पुन्हा पांढरा दिसू शकतो आणि वापरताच लगेच जांभळा होतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. ओदेलूनं ते दोनदा वाचलं. कागद महिनाभर त्याच्या नाकासमोर होता. रोज दुपारी तो त्याच ड्रमवर डबा ठेवून जेवत होता.

पंधरा दिवस तो कामावरून बाजूला होता. परत आला तेव्हा खिडक्यांचे डबे भंगारात गेले होते आणि नवा हुकूम लागला होता. ओदेलूनं भरलेला प्रत्येक डबा पोशमनं तपासायचा आणि वहीत ओदेलूच्या सहीखाली पोशमची सही. पोशम सही करताना नावाचं एकेक अक्षर कोरून काढी, आणि तेवढा वेळ ओदेलू पंगतीत वाढायची वाट बघणाऱ्यासारखा हात बांधून उभा राही.

तेही चाललं असतं. पण गावात एक चमत्कारिक गोष्ट झाली. पथकातली सहाही माणसं ओदेलूवर चिडायच्या ऐवजी भलतीच खूश होती. न्हाव्याकडं, ताडीच्या झाडाखाली, जिथं बसतील तिथं ती हा किस्सा सांगत, आणि शेवटी न चुकता म्हणत, "चुना वापरलेला होता. आम्हाला काही झालेलं नव्हतं." त्यांना एवढा कसला आनंद झाला आहे ते ओदेलूला कळेना. तो मागच्या गल्लीनं घरी जाऊ लागला. दाढी घरीच करू लागला.

तिसऱ्या रविवारी अक्काचा निरोप आला, जेवायला ये. न जाणं शक्य नव्हतं. राजव्वानं ज्वारीच्या भाकरी, मटण आणि पच्ची पुलुसू, म्हणजे चिंचेचं कच्चं सार, केलं होतं. सम्मय्यानं त्याला शेजारी बसवून घेतलं. दोघांच्या दोन-दोन भाकरी झाल्या. मग ओदेलू ताटाकडं बघत म्हणाला, "बावा, डोकं आता दुखत नाही ना?"

"दोन दिवसांतच थांबलं." सम्मय्यानं मटणातली नळी फोडली, गर चोखला, हाड बाजूला ठेवलं. "तुला खरं सांगू? आत दम लागला तेव्हा मला वाटलं, संपलं, आपण म्हातारे झालो. बाकीचे पाच जण ठणठणीत आणि मीच धापा टाकतोय. कुणाला कळू नये म्हणून आठ-दहा मिनिटं भोंगा वाजवलाच नाही. कप्तानकी सोडायचा अर्ज मनात लिहून झाला होता. नंतर बाहेर कळलं, पाचही जण मनात तेच म्हणत होते. प्रत्येकाला वाटत होतं, मी एकटाच."

ओदेलूनं हातातला घास ताटात ठेवला. आता गप्प बसणं त्याला जमेना.

"मी पण लगेच पळालो नाही, बावा," तो म्हणाला. "पोशमची खिडकी जांभळी दिसली. मला कळलं होतं. तरी दोन मिनिटं माइकवर बोलत उभा राहिलो. लाज वाटली म्हणून."

सम्मय्यानं त्याच्याकडं पाहिलं. रागावेल असं वाटलं, पण त्यानं दुसरी नळी उचलून ओदेलूच्या ताटात ठेवली.

राजव्वा भाकरी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे हा आत लाजत होता आणि तू बाहेर लाजत होतास," ती म्हणाली. "लाजून लाजून मला विधवा करणार होतात की रे तुम्ही दोघं."

तिनं दोघांच्या ताटात एकेक भाकरी आपटली. दोघांनी मुकाट्यानं खाल्ली. ही त्यांची तिसरी, नको होती, पण तसं म्हणायची कुणाचीच हिंमत झाली नाही.